खड्डा एक, खाती दोन!

घरात सुपरफास्ट फायबर यावं म्हणून गल्ली खोदली. नेट गेलंच, पण कचऱ्याची ढकलगाडीही अडली. मग एका फ्रीलान्सरने चपला झिजवून शोधून काढलं की, आपल्या दारातल्या खड्ड्यावर लक्ष ठेवायचं तरी कोणी?

सकाळचे साडेदहा. हातात कॉफीचा मग, समोर लॅपटॉप, वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली पायजमा. फ्रीलान्सरचा युनिफॉर्म! मुंबईतल्या एका संपादकबाईंशी व्हिडिओ कॉल चालला होता. माझ्या स्टोरीचा अँगल त्यांना जवळजवळ पटला होता. ‘हो, पण मला असं वाटतं की...’ असं म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवून तशाच राहिल्या. पाच सेकंद झाले, दहा झाले. राउटरचा हिरवा दिवा लाल झाला होता.

बाल्कनीत येऊन पाहते तर काय, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणलेला. बाजूला मातीचे ढीग, केशरी पाइपची गुंडाळी, आणि मध्येच एक तुटलेली केबल सुतळीसारखी लोंबतेय. म्हणजे जास्त स्पीडचं नवं नेट आणणाऱ्यांनी आमचं चालू नेट तोडलं होतं. आता बोला!

त्या दिवशी आणखी एक गोष्ट बिघडली होती, पण ती माझ्या लक्षात यायला रात्र झाली. ओला कचरा टाकायला गेले तर बादली सकाळचीच भरलेली. आमच्या कचरावाल्या ताईंची बेल त्या दिवशी वाजलीच नव्हती.

ही गोष्ट २०२५ च्या दिवाळीनंतरची, पुण्यातली. पण तुम्ही ठाण्यात, नाशकात किंवा नागपुरात राहत असाल तरी तुमच्या गल्लीने हा सीन पाहिलेला असणार.

ग्रुपवर दंगा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी नुसता दंगा होता. ‘नेट कधी येणार?’, ‘माझं ऑफिस बुडालं’, ‘कस्टमर केअर म्हणतं ४८ तास’, वगैरे वगैरे. मी मोजले, संध्याकाळपर्यंत ६३ मेसेज. त्यातले कचऱ्याबद्दलचे किती? दोन. एक तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा आणि दुसरा त्याखालचा अंगठा.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? ६३ मधले पाच मेसेज माझेच होते. नेटसाठी महिन्याला साडेआठशे रुपये भरते ते मला तोंडपाठ. कचऱ्याचे किती, हे मात्र सोसायटीच्या वहीत पाहावं लागलं. ऐंशी! शनिवारी एका पिझ्झावर याच्या चौपट उडतात.

नेट नसलं की आपलं काम अडतं. कचरा उचलला गेला नाही की फक्त वास येतो, आणि वासाला डेडलाइन नसते. निदान पहिले तीन दिवस तरी.

‘गाडी कुठून घालू?’

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, बेल वाजली. दारात ताई. नेहमीची ढकलगाडी नाही, पाठीवर गोणी. एका पायाला क्रेप बँडेज.

“अहो ताई, तीन दिवस कुठे होतात?” मी विचारलं. (आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो. ती माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी तरी मोठी असेल.)

“आले होते की मंगळवारी! गाडी कुठून घालू? चाक जात नाय त्या चरातून. मग गाडी कोपऱ्यावर ठेवून उडी मारली, तर पाय मुरगळला. दोन दिवस टेकवता येत नव्हता. आज म्हटलं गोणीत नेऊ, कचरा काय थांबतोय व्हय?”

मी चहा विचारला. ती आत आली नाही, दारातच बसून प्यायली. आमच्या गल्लीतली ८४ घरं तिच्याकडे आणि तिच्या जोडीदारणीकडे. गोणीने सगळं न्यायचं म्हणजे कोपऱ्यापर्यंत वीस-पंचवीस फेऱ्या. एरवी गाडीने हेच काम तासा-दीड तासात उरकतं.

मग बोलता बोलता म्हणाली, “माझी आई पण कचऱ्यातलीच. ती उकिरड्यावर वेचायची. मी दारात येते, बेल वाजवते. फरक एवढाच, पण लई मोठा हाय.”

हा फरक कसा पडला, हे प्रत्येक पुणेकराला माहीत असायला हवं. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही शहराचं काम करतो, तर आम्हाला कामगार म्हणा. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. २००८ मध्ये महापालिकेबरोबर करार झाला आणि उकिरड्यावर वेचणाऱ्या बायका ओळखपत्र घालून घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. आज या संस्थेत साडेतीन हजारांवर कचरावेचक आहेत. त्यांची कमाई दोन ठिकाणांहून येते: आपण देतो ती महिन्याची फी आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार. म्हणून तर आपण पिझ्झाच्या खोक्यात उरलेली चटणी तशीच टाकतो तेव्हा तिचं दोन्हीकडून नुकसान होतं: हातही बरबटतात आणि पुठ्ठाही वाया जातो.

(डेडलाइनच्या दिवशी ओला-सुका एकत्र कोंबणाऱ्यांत मी होते. ‘होते’ हा भूतकाळ ताज्या ताज्या कमावलेला आहे.)

दिल्लीची तार, गल्लीचा रस्ता

त्याच दुपारी मी क्षेत्रीय कार्यालय गाठलं. मनात एकच प्रश्न: या खड्ड्याचा मालक कोण?

तिथे कळलं की प्रश्न एक असला तरी टेबलं दोन आहेत. रस्त्याचं टेबल कनिष्ठ अभियंत्याचं, तर कचऱ्याचं आरोग्य निरीक्षकाचं. दोघांनीही नीट ऐकून घेतलं. पण एकाच्या कामात चर येतो आणि दुसऱ्याच्या कामात गाडी. ताईचा मुरगळलेला पाय या दोन टेबलांच्या मधल्या जागेत होता.

आता थोडा नागरिकशास्त्राचा पाठ. कंटाळू नका, शाळेतल्यापेक्षा छोटा आहे! १९९२ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. शहराच्या संस्थांकडे द्यायची १८ कामं तिथे लिहिली आहेत. रस्ते त्यात आहेत, घनकचरा आहे. टेलिफोन-इंटरनेट नाही, कारण दूरसंचार हा पहिल्यापासून केंद्राचा विषय. म्हणजे तार दिल्लीच्या अखत्यारीत, पण ती पुरायची जमीन मात्र आपल्या पालिकेची.

मग या दोघांचं जमवायचं कसं? त्यासाठी २०१६ मध्ये केंद्राने ‘राइट ऑफ वे’ नियम आणले. कंपनीने अर्ज केला की स्थानिक संस्थेने ६० दिवसांत निर्णय द्यायचा. नाही दिला तर परवानगी मिळाली असंच समजायचं. कंपनीने खोदलेला रस्ता पूर्ववत करायचा खर्च भरायचा, नाहीतर स्वतः करून देण्याची हमी द्यायची. पुढे २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे २०२४ चे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅपही आलं. खोदण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली ज्यांच्या तारा, पाइप आहेत त्यांना आधीच कल्पना मिळते.

या घाईमागचं कारणही समजून घ्यायला हवं. २००४ मध्ये सरकारी व्याख्येनुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. एवढ्यात आजचा व्हिडिओ कॉलही धड चालत नाही. आपल्याला स्पीड हवाय, फायबर हवंय, ते जमिनीखालूनच यायला हवं. झाडांवरून आणि गच्च्यांवरून लोंबणाऱ्या केबल्सची जाळी कोणाला हवी आहेत? तेव्हा खोदाई वाईट असं मुळीच नाही. खोदल्यावर बघायला कोण आहे, हा खरा मुद्दा.

कचऱ्याच्या बाजूनेही नियमांची कमतरता नव्हती. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून २०००चे घनकचरा नियम आले. मग २०१६चे नवे नियम आले. दारोदार जाऊन कचरा गोळा करणं, घरातच तो वेगळा करणं, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेणं, हे सगळं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. नियम पाळले नाहीत की काय होतं ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं त्यांच्या उशाला पडत राहिला, विहिरींचं पाणी नासलं. शेवटी गावकरी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला कळलं की ‘बाहेर’ नावाची जागाच नसते.

रिकामी खुर्ची

एरवी अशा वेळी लोक काय करतात? नगरसेवकाला फोन लावतात. अभियंता आणि आरोग्य निरीक्षक या दोघांनाही एकाच वेळी हलवू शकणारा तो एकमेव माणूस. आपण त्याला कितीही नावं ठेवली तरी!

पण आमच्याकडे फोन लावायला कोणी नव्हतंच. पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आयुक्त तेच, स्थायी समिती तेच, सर्वसाधारण सभाही तेच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, मध्ये प्रश्न विचारणारा कोणीच नाही. आमच्या पिढीतल्या कित्येकांना हे जाणवलंही नाही, कारण आपल्यासाठी महापालिका म्हणजे एक अ‍ॅप. तक्रार टाकली, टोकन नंबर आला, विषय संपला.

मी शुक्रवारी टोकन नंबर घेऊन घरी आले. शनिवारी सकाळी कंपनीची माणसं आली, केबल जोडली, राउटरचा दिवा हिरवा झाला.

आणि ग्रुप एकदम शांत! खड्डा तिथेच होता. मातीचे ढीग तिथेच होते. ताई गोणी घेऊन वीस फेऱ्या मारत होती. पण ६३ मेसेजवाल्या आमच्या सोसायटीने पुन्हा एक शब्द काढला नाही. मला त्या शांततेची जाम लाज वाटली, कारण मीही लॅपटॉप उघडून कामाला बसले होते.

सोमवार, दुपारी तीन

माझ्या एका जुन्या सरांनी मास कॉमच्या वर्गात माहिती अधिकाराचा कायदा शिकवला होता. तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसून डूडल काढत होते. त्यातलं एक वाक्य मात्र कसं कोण जाणे डोक्यात राहिलं: फाइल मागायची नसेल तर नुसती बघायला जा.

२००५ चा हा कायदा दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत माहिती देतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ३० दिवसांत खड्डा कुठला कुठे गेलेला असणार! त्यासाठी दुसरी सोय आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांनी पालिकेत जाऊन फायली पाहाव्यात, ही पद्धत पुण्यात महेश झगडे आयुक्त असताना सुरू झाली. ती चालली, म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने आदेश काढून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांना आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना ती लागू केली.

सोमवारी तीन वाजता मी हजर. सोबत वही, पेन आणि फोनमध्ये गेल्या सात दिवसांचे फोटो. फाइल यायला थोडा वेळ लागला, पण आली. परवानगीपत्र जेमतेम दोन पानांचं. त्यात सगळं होतं: किती मीटर खोदायचं, कोणत्या तारखेपर्यंत, रस्ता दुरुस्तीचे पैसे भरल्याची नोंद. आणि खाली अटी. जेवढा भाग एका दिवसात बुजवता येईल तेवढाच उघडायचा. घरांसमोर ये-जा करायला वाट ठेवायची. कामाचा फलक लावायचा.

माझ्या फोनमधल्या फोटोंत अख्खी गल्ली एका दिवसात उघडलेली होती. वाट नाही, फलक नाही. म्हणजे नियम चांगला, परवानगी रीतसर, पैसेही भरलेले. कंत्राटदाराने फक्त अटी धाब्यावर बसवल्या होत्या, कारण त्या अटी त्याच्याशिवाय गल्लीत कोणीच वाचल्या नव्हत्या.

अर्ध्या पानाचं पत्र तिथेच लिहिलं. अट क्रमांक अमुक, फोटो अमुक तारखेचा. शेवटी एक ओळ: ‘यामुळे घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम अडलं असून एक महिला कामगार जखमी झाली आहे.’ एक प्रत रस्त्याच्या टेबलावर, एक कचऱ्याच्या टेबलावर. दोन्हींवर पोच.

अभियंते मंगळवारी सकाळी स्वतः आले. कंत्राटदाराचा मुकादम आधी ‘मॅडम, दोन दिवसांत होतंय की’ म्हणाला. अभियंत्यांनी परवानगीपत्र काढून दाखवल्यावर मात्र दुपारपर्यंत चरावर लोखंडी पत्रे पडले. बुधवारी सकाळी खडखड आवाज झाला म्हणून पाहिलं, तर पत्र्यावरून ताईची ढकलगाडी येत होती. गुरुवारी चर बुजला. एकूण दहा दिवस.

इथे ‘आणि सगळे सुखाने नांदू लागले’ असं लिहिता आलं असतं. पण पिक्चर अभी बाकी होता.

दोन हजार दोनशे चाळीस

महिनाअखेरीला सोसायटीची मीटिंग. आमचे सेक्रेटरी काका हिशेबाला पक्के. म्हणाले, “कचऱ्याची गाडी दहा दिवस आली नाही. तेवढ्या दिवसांची फी कापू या. गल्लीतल्या बाकीच्या सोसायट्याही तेच म्हणताहेत.” बऱ्याच माना डोलल्या. ऐंशीतले सत्तावीस वाचणार म्हणून नव्हे. ‘सर्व्हिस नाही तर पैसे नाही’ हे आपल्याला फार प्रोफेशनल वाटतं म्हणून.

मी गणित मांडलं. ८४ घरं, घरटी ८० रुपये, म्हणजे ६,७२०. तेही दोघींत वाटून. दहा दिवसांचे कापले तर जाणार २,२४०. आणि प्रत्यक्षात दहा दिवसांपैकी एक रविवार तिच्या सुट्टीचा, तीन दिवस ती पायामुळे आणि खड्ड्यामुळे येऊ शकली नाही, उरलेले सहा दिवस ती आलीय. चार दिवस तर गोणी पाठीवर घेऊन.

“पण गाडी आली नाही ना!” काका.

“काका, नेट चार दिवस नव्हतं. त्याचे पैसे कोणी कापून घेतले?”

खोलीत शांतता. कोणीच नाही. मीसुद्धा नाही! साडेआठशेचं बिल ऑटोपेने आपोआप गेलं होतं. खड्डा ज्यांच्या तारेसाठी खणला त्यांना पूर्ण पैसे, आणि त्या खड्ड्यात जिचा पाय मुरगळला तिचे पैसे कापायचे, हे असं कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. एकाला जाब विचारायला कस्टमर केअरचे नऊ ऑप्शन दाबावे लागतात आणि दुसरी रोज दारात उभी असते, एवढंच.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी (त्याच, एकुलत्या एक मेसेजवाल्या) म्हणाल्या, “फी कापायची असेल तर गोणीची मजुरी आधी द्या.” मतदान झालं. आमच्या सोसायटीने पूर्ण फी द्यायचं ठरवलं, नऊ विरुद्ध सहा. गल्लीतल्या दोन सोसायट्यांनी मात्र कापली. ताईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, “कापणारे कापतात ताई. तुम्ही पत्र लिहिलं ना, त्यात मला ‘कामगार’ लिहिलंय म्हणून सायेब म्हनले. ते कार्डावर हाय माझ्या, पण कोण वाचतंय.”

जानेवारीत निवडणूक आली. १६५ जागा, ढोल-ताशे, आमच्या गल्लीतही पत्रकांचा पाऊस. (सुका कचरा!) मत मागायला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच प्रश्न विचारला: गल्ली खोदायची परवानगी निघाली की कचऱ्याच्या टेबलाला आणि गल्लीतल्या लोकांना आधी कळवायची सोय तुम्ही कराल का? एकाने वहीत लिहून घेतलं. एकाने विचारलं, “तुमच्याकडे नेटचा काही प्रॉब्लेम आहे का?”

नाही. नेट एकदम मस्त चालू आहे. प्रॉब्लेम तोच तर आहे.

तुमच्या गल्लीत खोदाई सुरू झाली तर...

● पहिल्याच दिवशी फोटो काढा. गल्लीचं नाव किंवा ओळखू येणारी खूण फ्रेममध्ये हवी. कामाचा फलक असेल तर त्याचाही फोटो घ्या. नसेल तर तेवढीच तक्रारसुद्धा चालते.

● परवानगीपत्र पाहायला मागा. सोमवारी दुपारी ३ ते ५. मीटर, मुदत आणि अटी, या तीन गोष्टी लिहून घ्या.

● तक्रार दोन्ही टेबलांवर द्या. रस्ता आणि घनकचरा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. अ‍ॅपवरचा टोकन नंबर पत्रात लिहा.

● तुटलेल्या नेटची तक्रार कंपनीकडे. तक्रार क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. बंद दिवसांचे पैसे मागायला लाजू नका.

● कचरा घेणाऱ्या ताईंना आधी विचारा. कोपऱ्यापर्यंत बादली आपण नेऊन दिली तर तिच्या वीस फेऱ्या वाचतात. आपली एकच होते.